बाइंडिंग हाताने लिहिण्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही

नागपुरात दोन-तीन जणांची टीम घेऊन सॉफ्टवेअरचा धंदा उभा करणाऱ्यांसाठी आजचा मुद्दा. थोडा टेक्निकल आहे, पण शेवटी पैशाचाच आहे, बरं का.

समजा, बुटीबोरीच्या एका कारखान्यासाठी तुम्ही पायथनमध्ये हजेरी-पगाराचा प्रोग्रॅम बनवताय. बोटाच्या ठशाचं मशीन विकणाऱ्या कंपनीने लायब्ररी दिली ती सी भाषेतली. पायथन आणि सी यांच्यामध्ये दुभाषा लागतो. त्यालाच बाइंडिंग म्हणतात. लायब्ररीत दोनशे फंक्शन असतील, तर दोनशे वेळा जवळपास तेच लिहायचं. नवी आवृत्ती आली की पुन्हा काय बदललं ते शोधत बसायचं.

माझं मत स्पष्ट आहे: हे काम मशीनचं आहे, माणसाचं नाही.

उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी सुरू केलेलं 'मायावी' हे थ्रीडी चित्रं दाखवणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर बघा. ते व्हीटीके या सी प्लस प्लस लायब्ररीवर चालतं. तिच्यात शेकडो क्लास आहेत. व्हीटीकेचं पायथन बाइंडिंग तिच्या हेडर फाइल वाचून आपोआप तयार होतं. त्यावरचा मायावीचा टीव्हीटीके हा थरसुद्धा जनरेटरच लिहितो. बिल्ड करताना व्हीटीकेची जी आवृत्ती असेल, तिच्याप्रमाणे कोड निघतो. हे सगळं हाताने लिहायचं म्हटलं असतं, तर दर आवृत्तीला तेवढ्यासाठीच माणसं बसवावी लागली असती.

तुम्हाला जनरेटर स्वतः बनवायचीही गरज नाही. स्विग हे टूल 1996 पासून आहे, आणि फुकट आहे.

पण तीन गोष्टी पाळा.

आधी मोजा. दहाच फंक्शन लागतात आणि लायब्ररी बदलणार नाही? मग सीटाइप्स वापरून हातानेच लिहा. तिथे ऑटोमेशन म्हणजे हौस.

तयार झालेल्या कोडला हात लावू नका. बदल नियमांच्या फाइलमध्ये करा. नाहीतर पुढच्या वेळी कोड पुन्हा तयार झाला की तुमची दुरुस्ती पुसली गेलीच समजा.

डोकं बंद ठेवू नका. मेमरी कोणी मोकळी करायची, हे बऱ्याचदा हेडर फाइलमध्ये लिहिलेलंच नसतं. जनरेटरला ते कळणार कसं? असे अपवाद नियमांत तुम्ही लिहा आणि खऱ्या मशीनवर तपासा. नाहीतर ऐन पगाराच्या दिवशी प्रोग्रॅम बंद पडेल.

आता धंद्याचं गणित. ज्या पोराने सगळं बाइंडिंग हाताने लिहिलं, त्याला पुण्यात नोकरी लागली की तुमचं एएमसी लटकलं. नियमांची फाइल मात्र ऑफिसातच राहते, आणि नवीन पोरगा तिच्यावरून काम पुढे नेऊ शकतो.

म्हणून पुढचं कोटेशन देण्याआधी स्वतःला विचारा: यातलं तेच-तेच काम किती, आणि ते किती वेळा बदलणार? उत्तर मोठं असेल, तर जनरेटर बसवण्याचे दिवस पहिल्याच कोटेशनमध्ये धरा.