सही करण्याआधी ड्रम भरून बघा

शेतकरी बंधूंनो, भगिनींनो, ग्रामपंचायतीच्या सदस्यांनो, आणि आयटीआयमध्ये वायरमन-इलेक्ट्रिशियनचं काम शिकलेल्या माझ्या मुलांनो,

हे आवाहन घाईने लिहितो आहे, कारण शेताशेतांत कामं घाईने चालली आहेत. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरली की पंप मिळतो, उरलेला भार सरकार उचलतं. योजना चांगली आहे. रात्रीच्या पाळीत, हातात बॅटरी धरून, साप-बिबट्याच्या भीतीने दारं धरणाऱ्या माणसाला दिवसाउजेडी पाणी मिळणं म्हणजे काय, हे ज्याने उसात रात्र काढली त्यालाच कळेल. म्हणूनच जीव तुटतो. इतकी चांगली गोष्ट हलक्या मालाने आणि ढिसाळ जोडणीने वाया जाऊ नये.

काम कसं होतं ते तुम्ही पाहिलं आहे. टेम्पो येतो, खड्डे खणले जातात, सांगाडा उभा राहतो, प्लेटा चढतात, पाइपातून पाणी पडतं. घरच्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. फोटो निघतो आणि काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही होते. त्या सहीनंतर तुमच्या हातात फक्त तक्रार उरते. कारखान्यात, गोदामात, कचेरीत तपासणीच्या कितीही पायऱ्या असोत, शेवटची पायरी तुमच्या बांधावर आहे आणि तिथे तपासनीस तुम्हीच आहात.

पहिल्या दिवशी पाणी पडलं यावरून काही ठरत नाही. खराब प्लेटसुद्धा नवी असताना उन्हात पाणी पाडते. तिचं खरं रूप दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दिसतं. चांगल्या पॅनेलची ताकद वर्षाला एक टक्क्याहून कमी घटेल, २५ वर्षांनीही ती ८० टक्क्यांच्या आसपास राहील, अशी हमी कंपन्या देतात. मुंबई आयआयटीच्या संशोधन केंद्राने आणि राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेने २०१३पासून देशभर फिरून उघड्यावरची पॅनेलं तपासली. मोठ्या प्रकल्पांतली पॅनेलं बरी टिकत होती. छोट्या आणि छतांवरच्या संचांची घसरण जास्त वेगाने होत होती. माझ्या मते यातली मेख सरळ आहे. मोठ्या गिऱ्हाइकाकडे माल परत पाठवणारा इंजिनिअर असतो, छोट्याकडे कोणी नसतो. शिवाय पॅनेल डोक्यावर आडवं धरून वाहिलं, किंवा बसवताना त्यावर पाय दिला, तर आतल्या चकत्यांना केसासारख्या चिरा जातात. काच शाबूत दिसते, आत नुकसान झालेलं असतं.

माझ्या भावाच्या शेतात ढिसाळ जोडणीने घात केला. गव्हाला ओंब्या धरल्या आणि पंप बंद पडला. फोन लावून लावून थकलो. अखेर मीच चढून पाहिलं. दोन प्लेटांना जोडणारा कनेक्टर अर्धवट बसवलेला होता, तापून वितळला होता. नीट बसला की तो ‘टक्’ असा वाजतो. तीस वर्षं मी मुलांना जोडण्या शिकवल्या, आणि पंप बसवला त्या दिवशी मी त्याच बांधावर उभा असून तो आवाज ऐकायला थांबलो नाही. भावाने सही केली तेव्हा मी शेजारीच होतो. तो पाण्याचा फेरा हुकला तो हुकलाच.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. केनियात १९९०च्या दशकात खेड्यापाड्यांतल्या लोकांनी पदरचे पैसे घालून छोटी पॅनेलं घेतली. १९९९ साली विद्यापीठाच्या संशोधकांनी ती मोजली, तेव्हा काही माल चिठ्ठीवरच्या आकड्यापेक्षा फारच कमी वीज देत होता. आकडे उघड झाल्यावर उत्पादकांना सुधारावं लागलं. पण काही वर्षांनी तपासणी थंडावताच पुन्हा निकृष्ट माल बाजारात आला. बांगलादेशात २००३पासून घराघरांत सौर संच देण्याचा जो कार्यक्रम झाला, त्यात ४० लाखांहून अधिक संच बसले. तिथे कर्ज देणाऱ्या संस्थेचे निरीक्षक प्रत्यक्ष घरी जाऊन संच बघत, आणि पॅनेलला, बॅटरीला किती वर्षांची हमी हे आधीच बांधून दिलेलं होतं. आफ्रिकेत जागतिक बँकेच्या पुढाकाराने सौर दिव्यांची जी तपासणी सुरू झाली, तिच्यात नमुने फक्त कंपनीकडून मागवण्याऐवजी दुकानाच्या फळीवरूनही उचलले जाऊ लागले. कंपनी निवडून पाठवते तो दिवा चांगलाच असणार. गिऱ्हाइकाच्या हातात पडतो तो कसा आहे, हे बघायला हवं.

आपल्या गावात कंदिलाच्या जागी आलेले सौर पथदिवे आठवा. खांब आहे, प्लेट आहे, उजेड नाही. बॅटरी कधीच मेली आणि ती बदलण्याची जबाबदारी कुणाची हे ठरलंच नव्हतं. पंपांचं तसं होऊ देऊ नका.

म्हणून हात जोडून सांगतो, सहीला अर्धा दिवस थांबा. प्लेटच्या मागच्या चिठ्ठीवर वॅटचा आकडा असतो, त्याला प्लेटांच्या संख्येने गुणा. ३ एचपीच्या पंपाला सुमारे ३००० वॅट आणि ५ एचपीला ४८०० वॅट भरायला हवेत. प्रत्येक प्लेटच्या अनुक्रमांकाचा फोटो काढून घरच्या फोनमध्ये ठेवा. चोरी झाली, विमा मागायचा झाला, तर तोच कामी येतो. सांगाड्याचे बोल्ट हाताने हलवून बघा, वळवाचं वारं तुमच्यासाठी थांबणार नाही. अर्थिंगची सळई नुसती मातीत खुपसलेली नको, तिचा खड्डा नीट भरलेला हवा. बाभळीची, लिंबाची सावली दिवसभरात कुठवर येते ते बघा. एका प्लेटच्या कोपऱ्यावर पडलेली सावली अख्ख्या ओळीची ताकद खाली ओढते. आणि पंप मागताना विहिरीतलं पाणी किती खोल असतं ते उन्हाळ्यातलं सांगा, पावसाळ्यातलं नको.

यानंतर सगळ्यात महत्त्वाचं. स्वच्छ उन्हात, दुपारी बाराच्या सुमारास, २०० लिटरचा ड्रम पाइपाखाली धरा. किती सेकंदांत भरतो ते मोबाइलवर मोजा आणि तारीख, वेळ, विहिरीतल्या पाण्याची पातळी यांसह कागदावर लिहा. बसवणाऱ्या माणसालाही त्यावर सही करायला लावा. तो नाही म्हणाला तर तुम्हीही सही करू नका. ‘नंतर येऊन करून देतो’ यावर विसंबू नका. पंप बसवणारी एजन्सी तुम्ही निवडलेली आहे, पाच वर्षांच्या दुरुस्तीची आणि विम्याची तरतूद योजनेतच आहे. पैसे थोडे भरले म्हणून हक्क थोडा होत नाही.

आयटीआयच्या मुलांनो, तुमच्याकडे टाँग टेस्टर आणि मल्टिमीटर आहे. महिन्यातला एक रविवार आपल्या गावाला द्या. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात सौर क्षेत्रात काम करणाऱ्या मराठी इंजिनिअरांनो, गावच्या गटावर दिवाळीच्या शुभेच्छा पाठवता तसं एकदा मीटर कसा वाचायचा ते दाखवणारं चित्रीकरण पाठवा, सोप्या मराठीत. सरपंचांनो, ग्रामपंचायतीत एक वही घाला: कुणाचा पंप, कोणत्या एजन्सीचा, ड्रम किती वेळात भरला, बंद पडला तर किती दिवस बंद होता. ग्रामसभेत ती मोठ्याने वाचा. एकट्या शेतकऱ्याचा फोन कोणी उचलत नसेल, पण गावाच्या वहीतला आकडा महावितरणच्या कचेरीत टेबलावर ठेवता येतो, आणि पुढच्या शेतकऱ्याला एजन्सी निवडताना दाखवता येतो.

ज्यांचे पंप आधीच बसले आहेत त्यांनीही ड्रम भरून आकडा लिहून ठेवावा. तक्रार तोंडी करू नका, लेखी करा आणि तिचा क्रमांक मागून घ्या. दरवर्षी मोजायचा दिवस म्हणून संक्रांत धरा. ती दरसाल १४ किंवा १५ जानेवारीलाच येते, म्हणजे सूर्य आकाशात त्याच उंचीवर असतो आणि मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहता येतं. पहाटे, प्लेटा गार असताना, मऊ फडक्याने त्या पुसून घ्या. बोअरच्या खारट पाण्याने धुतल्या तर पांढरा थर बसतो. मग दुपारी ड्रम लावा, आणि तिळगूळ द्यायला याल तेव्हा आकडा वहीत टाकून जा.