भाकीत आणि विजयमाला

जागतिक सायकल अजिंक्यपदाची रस्ता-शर्यत तादेय पोगाचारने २०२४ साली झुरिचला व २०२५ साली किगालीला जिंकली. दोन्ही वेळा सुमारे १०० किलोमीटर बाकी असतानाच मुसंडी मारून! तेव्हापासून भाकीतकारांना दुसरे नाव सुचेनासे झाले आहे. त्यांना आम्ही २०१३ च्या फ्लॉरेन्सचे स्मरण देऊ इच्छितो. अखेरच्या चौघांत दोघे स्पॅनिश, तरी जय झाला पोर्तुगालच्या एकट्या रुई कोस्ताचा. ऐन क्षणी स्पेनचा वाल्वेर्दे कोस्तामागे गेला नाही. एरवी ते दोघे एकाच व्यावसायिक संघाचे. पाय थकले, की संघमैत्री आडवी आली, हा वाद पुढे गाजला. येथे मार्ग दरवर्षी बदलतो आणि स्वार वर्षभराचे सोबती सोडून राष्ट्रासाठी झुंजतो. पायांतील बळ मोजता येते, मनातील ओढ नव्हे. भाकीत अवश्य करावे. विजयमाला मात्र अंतिम रेषेपलीकडेच घालावी.