घाटाच्या वरच्या पायरीवरून

गेल्या कार्तिकी पौर्णिमेस आमचे एक स्नेही राम घाटाच्या वरच्या पायरीवरच थांबले. २ वर्षांपूर्वी मातोश्रींनी त्यांस आपले मूत्रपिंड दिले आहे. "स्नान नको हे समजते, पण आरतीच्या गर्दीतही नको?" ही त्यांची तक्रार आम्हांस रास्त वाटली; डॉक्टरांचा आग्रह त्याहून रास्त वाटला. १९७१ साली वेल्लोर येथे देशातील पहिले यशस्वी मूत्रपिंडरोपण झाले. पेच तेव्हापासूनचाच आहे. परके मूत्रपिंड शरीराने झिडकारू नये म्हणून औषधांनी प्रतिकारशक्ती दडपावी लागते. टॅक्रोलिमसची रक्तातील मात्रा तपासणीत कळते. अंगी प्रतिकाराचे बळ किती उरले, हे तीवरून नेमके उमगत नाही. मात्रा उणी पडली तर मूत्रपिंड धोक्यात, अधिक झाली तर साधा फ्लूही फुप्फुसांत उतरण्याचे भय. त्यात ताप पुष्कळदा चढतच नाही, आणि घरची मंडळी गाफील राहतात. खोकला दिसताच डॉक्टर गाठावा. काढ्यांवर दिवस घालवू नयेत, गोळ्या आपल्या मनाने मुळीच थांबवू नयेत. फ्लूची लस दरवर्षी रुग्णाबरोबर घरच्यांनीही टोचून घ्यावी.

मातोश्रींनी त्या सायंकाळी क्षिप्रेत दिवा सोडला. चिरंजीव मुखपट्टी बांधून वरूनच पाहत होते.