निवाडा आणि वजाबाकी

दोहोंपैकी थोरले कोण, धाकटे कोण, की दोन्ही सारखीच, एवढाच प्रश्न सी भाषेतील तुलनेच्या फंक्शनला विचारलेला असतो. आणि त्याचे उत्तर ऋण, शून्य वा धन अशा चिन्हाने द्यावे, चिन्हामागच्या आकड्याला कसलाही अर्थ नाही, असा या भाषेच्या प्रमाणग्रंथाचा स्पष्ट जाबता आहे. असे असता आपल्या व्यवसायातील पुष्कळ मंडळी निवाडा म्हणून दोन संख्यांची वजाबाकी करतात आणि आलेली बाकी जशीच्या तशी उत्तरादाखल रुजू करतात. फंक्शनच्या परतीच्या प्रकारात ती बाकी मावते तोवर काही बिघडत नाही. प्रकार आखूड पडला की बाकीचे वरचे बिट निमूटपणे कापले जातात, आणि उरलेल्या तुकड्याचे चिन्ह मूळ बाकीच्या चिन्हाशी जुळेल याची हमी कोणीही देत नाही.

या कसुरीची किंमत किती मोठी असू शकते, याचा दाखला जून २०१२ मध्ये मारियाडीबीचे सर्गेई गोलुबचिक यांनी जाहीर केलेल्या दोषात आहे, आणि तो आपल्यापैकी प्रत्येकाने एकदा तरी ओळ न् ओळ वाचावा असे आम्हास वाटते. मायएसक्यूएल व मारियाडीबी या दोहोंत पासवर्ड पडताळताना सर्व्हर प्रत्येक वेळी एक नवा यादृच्छिक मजकूर पाठवी, ग्राहकाच्या उत्तरावरून काढलेला २० बाइटांचा हॅश आपल्या दफ्तरी नोंदलेल्या हॅशशी मेमकंपने ताडून पाही, आणि शून्य आले की प्रवेश देई. मेमकंपचे उत्तर असते इंट, म्हणजे चार बाइटांचे. ते पुढे पोचवणाऱ्या फंक्शनचा परतीचा प्रकार मात्र एका बाइटाचा होता. ज्या यंत्रांवर मेमकंपचे उत्तर उणे १२८ ते १२७ या मर्यादेतच राही तेथे कोणाला काही जाणवले नाही. परंतु एसएसई सूचनांच्या साहाय्याने वेगवान केलेल्या जीलिबसीच्या काही बांधण्यांत ते या मर्यादेबाहेर जाई, आणि अशा उत्तराचा सर्वांत खालचा बाइट शून्य निघाला, म्हणजे उत्तर २५६ किंवा ५१२ असे काही आले, की ‘जुळत नाही’ हा निवाडा त्या एका बाइटातून बाहेर पडताना ‘जुळते’ असा होई. अशी शक्यता २५६ प्रयत्नांत सुमारे एकदा. खात्याचे नाव तेवढे ठाऊक हवे, आणि ‘रूट’ हे नाव तर सर्वांनाच ठाऊक. मग कोणताही चुकीचा पासवर्ड काही शे वेळा पाठवीत राहावे, क्षणार्धात दार उघडे. हॅशचे गणित निर्दोष होते, मेमकंपही आपल्या जाबत्याप्रमाणेच वागत होती. साऱ्या तटबंदीला खिंडार पडले ते फंक्शनच्या शिरोभागी लिहिलेल्या प्रकाराच्या एका नावामुळे.

क्रमवारीच्या कामात हाच दोष निराळ्या रूपाने प्रकट होतो. जन्मतारखा १९७० च्या आरंभापासून मोजलेल्या सेकंदांत, ६४ बिटांत साठवल्या आहेत आणि तुलनेचे फंक्शन दोन तारखांची बाकी इंट म्हणून परत देते, असे समजू. ३२ बिटांच्या इंटमध्ये २,१४,७४,८३,६४७ पर्यंतचाच आकडा मावतो, म्हणजे सुमारे ६८ वर्षांचे सेकंद. आता एका घरातील आजी १९५० सालची, आई १९८५ ची आणि नात २०२० ची. आजी आणि आई यांत अंतर ३५ वर्षांचे, आई आणि नात यांतही तेवढेच, त्यामुळे हे दोन्ही निवाडे यथायोग्य लागतात. परंतु आजी व नात यांच्यामधील ७० वर्षे त्या इंटमध्ये मावत नाहीत, चिन्ह उलटते, आणि नातीचा जन्म आजीच्या आधी झाला असा निकाल हाती येतो. आजी आईच्या आधी, आई नातीच्या आधी आणि नात आजीच्या आधी, असे हे चक्र आहे. त्यात पहिले कोण याला उत्तरच नाही. अशी यादी कशी लागेल हे मूळ नोंदी कोणत्या क्रमाने आल्या यावर अवलंबून राहते, आणि पुढे त्या यादीत बायनरी सर्चने शोध घेणाऱ्याला, असलेली नोंदही ‘नाही’ म्हणून सांगितली जाते. फायलींच्या आकारांत बरोबर ४,२९,४९,६७,२९६ बाइटांचा फरक असला तर बाकी शून्य होऊन दोन्ही समान ठरतात. अपूर्णांकांचे तर विचारूच नये, ०.४ चा फरक इंटमध्ये शिरताच नाहीसा होतो.

यादी चुकीची लागली एवढ्यावर हे थांबतेच असे नाही. तुलनेचे निवाडे परस्परांशी विसंगत असतील तर क्यूसॉर्टचे वर्तन अनिर्बंध, असा प्रमाणग्रंथाचा दंडक आहे. आणि जानेवारी २०२४ मध्ये क्वालिस या संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिले की, जीलिबसीच्या १९९२ पासून २.३८ पर्यंतच्या आवृत्त्यांत मेमरी अपुरी पडून क्यूसॉर्ट आपल्या दुसऱ्या मार्गाने जाऊ लागले, आणि तुलनेच्या फंक्शनने असे चक्र निर्माण केलेले असले, तर ते ॲरेच्या सीमेबाहेरची मेमरी वाचते आणि तेथे लिहितेही. सीमा तपासायला हवी होती हे खरेच; परंतु मूळ फिर्याद तुलना लिहिणाऱ्यावरच लागू होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही सवय आली कोठून? कर्निघन व रिची यांच्या ग्रंथातील स्ट्रकंप दोन अक्षरांची वजाबाकी परत देते, आणि तेथे ते सर्वस्वी योग्य आहे, कारण दोन अक्षरांची बाकी इंटमध्ये नेहमीच मावते. आपण मात्र ती युक्ती उचलली आणि तिची अट तेथेच ठेवून आलो. त्याच ग्रंथाच्या त्याच प्रकरणात, थोडे पुढे, दशांश संख्यांची तुलना करणारे फंक्शन आहे. त्यात वजाबाकी नाही, लहान असेल तर उणे एक, मोठी असेल तर एक, नाहीतर शून्य, असा सरळ निवाडा आहे. गुरूंनी दोन्ही धडे दिले होते.

उपाय सोपा आहे: (अ > ब) - (अ < ब) असे लिहावे. यात कधीही काही कापले जात नाही, आणि आजचे कंपायलर बहुधा त्यासाठी एकही जंप न घालता काम भागवतात, तेव्हा वेगाची सबब टिकत नाही. समानता तेवढीच विचारायची असेल तर मेमकंपचे उत्तर पुढे पाठवण्याआधी ते शून्याशी ताडून घ्यावे. चाचण्यांवर विसंबू नये. चाचणीत आपण पाच, सात, बारा असे आकडे घालतो आणि हा दोष अब्जांच्या घरात वास करतो. जीसीसीचा ‘कन्व्हर्जन’ हा इशारा अशी काटछाट दाखवतो, परंतु तो ‘ऑल’मध्येही नाही आणि ‘एक्स्ट्रा’मध्येही नाही, वेगळा मागावा लागतो.

वाचकांना आमची विनंती अशी की, या महिन्यात एक दुपार काढून आपल्या ताब्यातील कोडमध्ये क्यूसॉर्ट व बीसर्च यांना दिलेले प्रत्येक फंक्शन, तसेच मेमकंपचे उत्तर पुढे पोचवणारे प्रत्येक फंक्शन उघडावे, आधी त्याचा परतीचा प्रकार वाचावा आणि मगच आतील मजकूर. जे सापडेल ते दुरुस्त करून आम्हास लिहून कळवावे. त्यातील उपयुक्त उदाहरणे, आस्थापनांची नावे वगळून, पुढील अंकात छापू.