दलाल नेमका कोणाचा?

‘खरेदीदाराकडून दलाली नाही.’ गुरुग्रामपासून बेंगळूरुपर्यंत नव्या गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत हे वाक्य सवलतीसारखे छापले जाते आणि वाचणाराही ते सवलत म्हणूनच वाचतो. मला ते सावध करणारे वाक्य वाटते. चार प्रकल्प दाखवणारा, गृहकर्जाची फाईल बँकेत फिरवणारा, रविवारी स्वतःच्या गाडीतून सहकुटुंब नेणारा मनुष्य आपल्याकडून काही घेत नसेल, तर तो कोणाकडून घेतो? उत्तर उघड आहे. तो बिल्डरकडून घेतो आणि सहसा घराच्या किमतीच्या टक्केवारीत घेतो. किंमत चढली की त्याची दलालीही चढते. तरीही ग्राहक त्याला ‘माझा एजंट’ म्हणतो आणि आपल्याला किती रकमेपर्यंत ताणता येईल, नोकरी पक्की आहे का, मुलांच्या शाळेमुळे किती घाई आहे, हे सारे त्याला विश्वासाने सांगून टाकतो. या गोष्टी समोरच्या पक्षाला कळल्या तर घासाघीस संपलीच.

या नात्याचा विचार आपल्या कायद्याने केलेला नाही असे नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ चे दहावे प्रकरण संपूर्ण एजंटगिरीला वाहिलेले आहे. त्यातील कलम २१५ आणि २१६ ची उदाहरणे मुळातून वाचावीत. मालक एकाला आपली मालमत्ता विकायला सांगतो. तो दुसऱ्याच्या नावावर ती स्वतःच विकत घेतो. एकाला मालमत्तेत खाण असल्याचा शोध लागतो. तो मालकाला न सांगता खरेदीची इच्छा व्यक्त करतो. आणखी एकाला विशिष्ट घर विकत घेण्यास सांगितलेले असते. ‘ते मिळत नाही’ असे सांगून तो ते स्वतःच घेऊन टाकतो. या शेवटच्या उदाहरणात कायदा म्हणतो की धन्याने ते घर त्याच किमतीला एजंटाकडून मागून घ्यावे. दीडशे वर्षांपूर्वीच्या मसुदाकारांना घरांचे दलाल चांगले ठाऊक होते, असेच म्हणावे लागेल. कौशल्य, हिशेब, धन्याला वेळोवेळी कळवणे, त्याच्यापासून लपवून लाभ न घेणे, ही सारी कर्तव्ये तिथे स्पष्ट आहेत.

अडचण एकच. ही कर्तव्ये लागू होण्यासाठी आधी धनी ठरावा लागतो, आणि भारतातील घरांच्या व्यवहारात तो ठरवलाच जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये, म्हणजे आपल्या स्थापनेच्याच वर्षी, कलकत्त्यातील एका घराच्या दलालाचा वाद निकाली काढला. मालकाने त्याला विक्रीची ‘बोलणी’ करण्याचे अधिकारपत्र दिले होते. अशा पत्राने विक्रीचा करार पक्का करण्याचा अधिकार मिळत नाही, परंतु घेण्यास तयार असलेला ग्राहक आणून दिल्यावर मोबदल्याचा हक्क मात्र निर्माण होतो, असे न्यायालयाने ठरवले. तो निवाडा शक्य झाला, कारण न्यायालयापुढे एक कागद होता. आज बहुसंख्य व्यवहारांत तेवढाही कागद नसतो. दस्त नोंदणीचे काम मी जवळून पाहिले आहे. विक्रीखतात विकणारा असतो, घेणारा असतो, मालमत्तेच्या चतुःसीमा असतात, आणि ज्याच्यामुळे हे सगळे एकत्र आले तो मनुष्य असलाच तर शेवटच्या पानावर साक्षीदार म्हणून सही करून जातो.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ म्हणजे ‘रेरा’ आला तेव्हा हे बदलण्याची संधी होती. कायद्याने प्रथमच दलालाला देशभर एक व्याख्या दिली, नोंदणी सक्तीची केली, नोंदणी नसलेल्या प्रकल्पातील घर विकण्यास मनाई केली, खोटी विधाने आणि फसव्या जाहिराती यांना अनुचित व्यापारप्रथा ठरवले. हे काम लहान नाही. परंतु व्याख्येतच एक गाठ राहून गेली. तिच्या पहिल्या भागात एजंट म्हणजे व्यवहारात ‘एका व्यक्तीच्या वतीने’ दुसऱ्याशी बोलणी करणारा. पुढे त्याच व्याख्येत संभाव्य ग्राहक आणि विक्रेता यांची गाठ घालून देणाराही एजंट ठरतो. पहिल्याला एक धनी आहे; दुसऱ्याला दोन असू शकतात किंवा एकही नसू शकतो. दोघांना एकच नोंदणी क्रमांक मिळतो. एजंटाची कर्तव्ये सांगणाऱ्या कलम १० मध्ये, तो कोणासाठी काम करतो हे ग्राहकाला सांगण्याचे कर्तव्य कोठेही नाही.

दुसरी त्रुटी कमी चर्चिली जाते, पण तिचा फटका थेट ग्राहकाला बसतो. एजंटाने कलम ९ किंवा १० मोडले तर दिवसाला १०,००० रुपये आणि जास्तीत जास्त घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. हा दंड जातो सरकारी तिजोरीत. ग्राहकाच्या नुकसानभरपाईचा निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याची कक्षा कलम ७१ मध्ये आखलेली आहे आणि तिथे कलम १२, १४, १८, १९ यांचा उल्लेख आहे. एजंटाच्या कलम १० चा नाही. म्हणजे एजंटाने खोटे सांगून घर गळ्यात मारले, तर त्याच्याविरुद्ध तक्रार करता येते, त्याला दंड होऊ शकतो, परंतु ज्याचे पैसे अडकले त्याच्या हाती या मार्गाने काय पडणार, याचे उत्तर कायदा देत नाही. नोएडा आणि ग्रेटर नोएडातील आम्रपाली प्रकरणात सुमारे ४२,००० कुटुंबांची घरे अडकली. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०१९ च्या निकालाची चर्चा बिल्डर, बँका आणि जमीन देणारी प्राधिकरणे यांच्याभोवती फिरली, आणि ते योग्यच होते. पण अशा प्रकल्पांतील घरे आपोआप विकली जात नाहीत. कोणीतरी ती ‘खात्रीची’ म्हणून दाखवलेली असतात आणि त्याचा मोबदला घेतलेला असतो.

इथे एक विसंगती नोंदवायला हवी. बिल्डर कंपनी दलाली देताना मुळातच आयकर कापते (हा दर ऑक्टोबर २०२४ पासून ५ वरून २ टक्क्यांवर आला) आणि नोंदणीकृत दलालाच्या सेवेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. कोणी, कोणाला, किती दलाली दिली याची नोंद अशा रीतीने शासनाच्या दोन खात्यांकडे पोहोचते. ज्याच्या घराच्या किमतीतून ती दलाली निघते, त्या खरेदीदाराला मात्र ती माहिती मिळवण्याचा सोपा मार्ग नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात नवे काही दिसत नाही. सतराव्या शतकातील सुरतेत युरोपीय कंपन्यांचे पान दलालावाचून हलत नसे. विणकर कोणता, कापडाची प्रत कोणती, उधारी कोणाला द्यावी, हे त्यालाच ठाऊक. भीमजी पारेख हे इंग्रज कंपनीचे दलाल. बंदरातल्या मोठ्या माणसांत त्यांची गणना होई. कंपन्यांच्या पत्रव्यवहारात एक तक्रार पुनःपुन्हा येते: दलाल आमच्याकडून दलाली घेतो आणि विकणाऱ्याकडूनही दस्तुरी घेतो. रुमालाखाली बोटांच्या खुणांनी भाव ठरवण्याची पद्धत त्या काळच्या प्रवाशांना अचंबित करी. गुरांच्या बाजारात ती पाहिलेल्या मराठी वाचकाला तिचे नवल वाटणार नाही. पण दुसरी बाजूही त्याच सुरतेची आहे. कंपनीचे दलाल रुस्तम माणेक यांच्या घराण्याचे येणे थकले, तेव्हा त्यांचे पुत्र नवरोजी यांना १७२० च्या दशकात थेट लंडन गाठावे लागले. तिथे निवाडा त्यांच्या बाजूने झाला. दलाल फसवतो तसाच तो फसवलाही जातो.

आजच्या छोट्या दलालाची बाजू म्हणूनच ऐकली पाहिजे. तो दहा घरे दाखवतो. अकराव्या दिवशी ग्राहक आणि मालक परस्पर भेटून व्यवहार उरकतात आणि त्याचा फोन उचलत नाहीत. हातात कागद नसल्यामुळे तो दोन्ही बाजूंकडे दलाली मागतो, कारण एक पळाला तरी दुसरा सापडावा. आपण जिला लोभ म्हणतो त्या दुहेरी दलालीचा बराचसा भाग बुडीत येण्याविरुद्धचा विमा आहे. शिवाय हा दलाल प्रामुख्याने जुन्या घरांच्या फेरविक्रीत आणि भाड्याच्या व्यवहारांत वावरतो. रेराची एजंट नोंदणी नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीशी बांधलेली असल्याने या मोठ्या प्रदेशाला तिचा फारसा स्पर्श होत नाही. हरियाणाने २००८ मध्ये मालमत्ता दलालांसाठी परवान्याचा स्वतंत्र कायदा केला होता. अशी पावले विरळच.

बाहेर काय घडले ते थोडक्यात पाहू. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या १९८३ च्या अहवालात दिसून आले की बहुसंख्य खरेदीदार ज्याला आपला एजंट समजत होते तो कायद्याने विक्रेत्याचा होता. त्यानंतर राज्याराज्यांत हे उघड सांगण्याचे नियम आले. तरी पैशाचा प्रवाह जुनाच राहिला: विक्रेत्याचा दलाल आपल्या दलालीतून खरेदीदाराच्या दलालाला वाटा देई. ऑक्टोबर २०२३ मध्ये मिसूरीतील ज्यूरीने या पद्धतीविरुद्ध सुमारे १८० कोटी डॉलरचा निर्णय दिला, आणि मार्च २०२४ च्या तडजोडीनंतर १७ ऑगस्ट २०२४ पासून घर दाखवण्यापूर्वीच खरेदीदाराशी लेखी करार करणे तिथल्या दलालांच्या राष्ट्रीय संघटनेच्या सदस्यांना बंधनकारक झाले. म्हणजे अहवाल आणि हा नियम यांत ४१ वर्षे गेली. सिंगापूरने २०१० च्या नियमांत एवढेच ठरवले की एका व्यवहारात एका एजंटाने दोन्ही पक्षांचे प्रतिनिधित्व करायचे नाही. मला सिंगापूरचा साधेपणा आवडतो, पण दोन खोल्यांच्या घरासाठी दोन दलाल ठेवणे आपल्याकडे परवडणार नाही, हेही दिसते.

महारेराने २०२३ मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, ते इतर राज्यांनी उचलण्यासारखे आहे. मात्र परीक्षा उत्तीर्ण झालेला जाणकार एजंटही बिल्डरचाच माणूस असू शकतो. तसे असण्यात गैर काही नाही. ग्राहकाला ते पहिल्या भेटीत कळत नाही, हे गैर आहे.

उपाय एका पानाचा आहे. पहिले घर दाखवण्यापूर्वी एजंटाने लेखी द्यावे: मी या व्यवहारात विक्रेत्याचा, खरेदीदाराचा, की केवळ गाठ घालून देणारा, मला पैसे कोण देणार आणि किती, तुम्ही सांगितलेल्या कोणत्या गोष्टी मी समोरच्याला सांगणार नाही. खाली ग्राहकाची सही. तीच सही दलालालाही उपयोगी पडेल, कारण ग्राहक परस्पर व्यवहार करून गेला तर दावा लावायला त्याच्याकडे कागद असेल. बुकिंगच्या अर्जावर आणि विक्री करारात एजंटाचे नाव, नोंदणी क्रमांक आणि दलालीची रक्कम यांसाठी एक रकाना असावा. यासाठी संसदेकडे जाण्याची गरज नाही. कलम १० मध्येच एजंटाने ‘विहित करण्यात येतील अशी इतर कर्तव्ये’ पार पाडावीत असे म्हटले आहे. राज्य सरकारे नियम दुरुस्त करून हा नमुना आणू शकतात. नुकसानभरपाईची कक्षा एजंटापर्यंत वाढवायची तर मात्र कलम ७१ बदलावे लागेल आणि ते संसदेचेच काम आहे. फेरविक्री आणि भाड्याच्या दलालांसाठी राज्यांना वेगळा, हलका कायदा करावा लागेल. त्यात परवान्याच्या खिडकीपेक्षा लेखी करारावर भर असावा, नाहीतर छोट्या दलालाच्या मागे आणखी एक निरीक्षक लागेल, एवढेच होईल.