वजन उतरलं, पण छातीत जळजळ सुरू झाली?



व्हाइटफील्डमधल्या आयटीवाल्यांची रात्र कशी असते, माहीत आहे ना? अमेरिकेचा कॉल संपेपर्यंत साडेदहा वाजतात, मग जेवण आणि लगेच अंथरूण. छातीत जळजळलं की खालच्या मेडिकलमधून एक गोळी. पण वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं असेल, तर हे अंगाशी येऊ शकतं.

२०११ मध्ये नितीन गडकरींनी असं ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली. आज सर्वाधिक केलं जातं ते ‘स्लीव्ह’ ऑपरेशन. यात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी अरुंद नळी उरते. भूक कमी होते, वजन उतरतं. पण त्या नळीत दाब वाढतो, अन्ननलिकेच्या तोंडाची झडप सैल पडू शकते आणि आम्ल वर चढतं.

फिनलंडमध्ये २४० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात दहा वर्षांनी एन्डोस्कोपी केली. स्लीव्ह झालेल्यांपैकी ३१ टक्के जणांच्या अन्ननलिकेला सूज होती, बायपास झालेल्यांपैकी ७ टक्के जणांच्या. सूज तशीच राहिली तर जखमा होतात, नळी आकुंचन पावते. काहींच्या अन्ननलिकेचं आतलं अस्तरच बदलतं. त्याला ‘बॅरेट्स’ म्हणतात. त्यातून कॅन्सरचा धोका थोडा वाढतो. त्या अभ्यासात बॅरेट्सचं प्रमाण दोन्ही गटांत ४ टक्केच होतं, म्हणून घाबरू नका. पण दुर्लक्षही नको.

अडचण अशी, की सगळे ‘किती छान बारीक झालात!’ म्हणत असताना तक्रार करायला जीभ रेटत नाही. आणि काहींना तर आतून सूज असूनही जळजळ जाणवत नाही. म्हणूनच या क्षेत्रातली जागतिक संघटना ‘इफ्सो’ सांगते, की ऑपरेशननंतर एका वर्षाने एन्डोस्कोपी करा आणि स्लीव्ह असेल तर पुढे दर दोन-तीन वर्षांनी.

रोज काय पाळाल?

• झोपायच्या तीन तास आधी जेवा. कॉल उशिरा असेल तर आधीच जेवून घ्या.
• छोटे घास, सावकाश चावून. सोडा, दारू, तंबाखू बंद.
• पलंगाची डोक्याकडची बाजू वीतभर उंच करा, डाव्या कुशीवर झोपा.
• आम्ल कमी करणारी गोळी डॉक्टरांनी दिली असेल, तर ती बहुधा नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. वेळ विचारून घ्या.
• अंगदुखीची गोळी मनाने घेऊ नका.

घास अडकतो, रक्ताची उलटी होते, शौचाला काळं होतं? त्याच दिवशी डॉक्टर गाठा. छातीत दुखून घाम फुटला, तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत बसू नका, थेट इमर्जन्सीत जा.

आणि ऑपरेशन अजून व्हायचं असेल, तर जुनी ॲसिडिटी सर्जनपासून लपवू नका. आधी एन्डोस्कोपी करून घ्या आणि ‘मला स्लीव्ह बरं की बायपास?’ हा प्रश्न स्पष्ट विचारा. स्लीव्हनंतर त्रास औषधांनी आटोक्यात आला नाही, तर त्याचं बायपासमध्ये रूपांतरही करता येतं.

घरात कुणाचं हे ऑपरेशन झालं असेल, तर आज वजन विचारू नका. ‘जळजळ होते का?’ एवढंच विचारा.