‘फेअर’चा इन्साफ

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत आठवीला इंग्रजी शिकवतो. एके दिवशी फळ्यावर ‘फेअर’ हा शब्द लिहून अर्थ विचारला. साऱ्या मुली एका सुरात म्हणाल्या, “गोरी!” मग त्या शब्दाला ‘अन’ जोडून ‘अनफेअर’ केला. मागच्या बाकावरची एक सावळी मुलगी हळूच म्हणाली, “तो टीचर, अनफेअर मतलब काली?” वर्ग हसला. आम्हाला मात्र हसू आले नाही. शब्दकोशाच्या दृष्टीने तिचे उत्तर चूक होते. आपल्या घरांत जे चालते ते पाहता अगदी बरोबर होते.

या शब्दाचा मूळ अर्थ सुंदर. पुढे त्याला न्याय्य, गोरा, बऱ्यापैकी असे अर्थ चिकटले. रेशनच्या दुकानाला इंग्रजीत ‘फेअर प्राइस शॉप’ म्हणतात, मराठीत ‘रास्त भाव दुकान’. मुले रफ वहीतून स्वच्छ अक्षरात उतरवतात ती ‘फेअर’ वही. प्रगतिपुस्तकावर ‘फेअर’ शेरा आला तर समजावे, जेमतेम आहे. गोऱ्या लोकांच्या भाषेने सौंदर्य, गोरेपणा आणि न्याय एकाच शब्दात कोंबले, तो त्यांचा प्रश्न. आपल्या उर्दूत हुस्न वेगळे, गोरेपण वेगळे, इन्साफ वेगळा. मराठीतही सुंदर, गोरा आणि न्याय्य हे तीन शब्द आहेत. मग आपण ते एक का केले?

लग्नाचा बायोडेटा पाहा. मजकूर उर्दूत असो वा मराठीत, रंगापुढे ‘फेअर’च लिहिलेले असते. ‘गोरी’ लिहायला शरम वाटते, इंग्रजीत ती झाकली जाते. आमच्याच बायोडेटात अम्मींनी ‘सावळी’ सांगितले, खालांनी त्याचे ‘गव्हाळ’ केले आणि टाइप होऊन आले ते ‘फेअर’! पाहुणे आले, चहा-नाश्ता झाला, चार दिवसांनी निरोप आला, “लड़की का रंग दबता है.” आमचे बी.एड. आणि नोकरी कोणी विचारलीच नाही. पुढच्या स्थळाने रंग चालवून घेतला, पण सोबत मोटारसायकल मागितली. म्हणजे रंगाची भरपाई जहेजने करायची! याला अनफेअर नाही तर काय म्हणायचे?

आणि हे कोण करते? ज्यांच्या रसूलुल्लाहांनी (स.) हज्जतुल विदाच्या खुतब्यात बजावले की, गोऱ्याला काळ्यावर आणि काळ्याला गोऱ्यावर श्रेष्ठत्व नाही, असेल तर ते तकव्यानेच, ते आपण! इस्लामची पहिली अजान हबशी वंशाच्या हजरत बिलाल (रजि.) यांनी दिली, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. मलिक अंबर हबशी होता. त्याने १६१० साली वसवलेली खडकी पुढे औरंगाबाद झाली, आज छत्रपती संभाजीनगर आहे. त्याच्यावर आपण भाषणे ठोकतो. आणि घरी येऊन सून मात्र ‘फेअर’ शोधतो.

काही जण म्हणतील, मुलगी पाहून पसंत करायची परवानगी शरीअतने दिली आहे. बेशक दिली आहे. पण त्याच नबींनी सांगितले की, स्त्रीशी निकाह तिची दौलत, खानदान, रूप किंवा दीन पाहून होतो. तुम्ही दीनदार निवडा. आपण तिसऱ्यावर अडतो, पहिल्याची यादी देतो आणि चौथे विसरतो. शिवाय पाहायची परवानगी मुलालाच आहे का? मुलाच्या बायोडेटात रंग कोण विचारतो?

१९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० साली नावातून ‘फेअर’ काढला, ‘ग्लो अँड लव्हली’ झाली. क्रीम विकणाऱ्या कंपनीलाही अखेर हा शब्द नावातून काढावासा वाटला. आपल्याला कधी वाटणार?

मुलांच्या आयांना आमची विनंती आहे, रंग विचारू नका. मुलींच्या वडिलांना विनंती आहे, तो रकानाच खोडा. त्या दिवशी आम्ही फळ्यावर ‘फेअर’समोर ‘इन्साफवाला’ असा अर्थ लिहिला. मुलींनी तो आपापल्या फेअर वहीत उतरवून घेतला. आता तो अर्थ खरा ठरवणे आमच्या नव्हे, तुमच्या हातात आहे.